आकाशचित्रक कॅमेऱ्याची झीज आणि आयुर्मान : जेऊर व बेगमपेठ येथील दोन उदाहरणे

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर आहे. वैशाख-ज्येष्ठातील मध्यरात्री तेथून दक्षिणेकडे पाहिले असता अनुराधा नक्षत्र क्षितिजापासून पन्नासेक अंशांवर दिसते. भाद्रपदात आभाळ उघडले, तर संध्याकाळ सरताच अभिजित तारा डोक्यावरून थोडा उत्तरेकडे कललेला आढळतो. या दोहोंचा एकमेकांशी वरकरणी काही संबंध नाही. परंतु आकाशाच्या ज्या दोन पट्ट्यांत ते येतात, त्या दोन्ही पट्ट्यांची छायाचित्रे १९१४ ते १९३८ या काळात एकाच कॅमेऱ्याने घेतली गेली. हा कॅमेरा हैदराबादजवळ बेगमपेठ येथील निजामिया वेधशाळेत होता; आणि बेंबळी हे गावही १९४८ पर्यंत त्याच निजामी राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. १९५६ मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २०२३ मध्ये त्याचे नाव धाराशिव झाले.

केवळ आकाशाची छायाचित्रे घेण्यासाठीच बनविलेल्या अशा कॅमेऱ्याचे आयुष्य किती असते, हा प्रश्न दिसायला साधा आहे. खरेदीची तारीख आणि मोडीत काढल्याची तारीख यांची वजाबाकी केली की उत्तर मिळावे. प्रत्यक्षात ही वजाबाकी फसवी ठरते. मराठीत वस्तूच्या शेवटासाठी निरनिराळी क्रियापदे आहेत. जाते झिजते, वस्त्र विरते, लाकूड कुजते, लोखंड गंजते. पण नाणे बाद होते. पहिल्या चार क्रिया वस्तूच्या अंगी घडतात. ‘बाद होणे’ मात्र वस्तूच्या अंगी घडत नाही. ते तिच्याविषयी कोणीतरी ठरविलेले असते. आकाशचित्रक कॅमेऱ्याच्या इतिहासात या दोन प्रकारच्या शेवटांची सरमिसळ नेहमी झालेली आहे, आणि ती वेगळी केल्यावाचून त्याच्या आयुर्मानाविषयी बोलणे व्यर्थ होय. त्यासाठी महाराष्ट्राच्या भूमीवर येऊन गेलेला एक फिरता कॅमेरा आणि बेगमपेठचा स्थिर कॅमेरा ही दोन उदाहरणे उपयोगी पडतात.

बेंबळीच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, सोलापूर जिल्ह्याच्या करमाळे तालुक्यात, जेऊर हे रेल्वेचे स्थानक आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत जेऊरवरून गेली. बेंबळी त्या पट्ट्याच्या बाहेर, आग्नेयेस राहिले. तेथे ग्रहण खंडग्रासच होते. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे पथक होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेही तेथेच तळ ठोकून होते, आणि त्यांच्या सामानात जॉन शेबर्ले यांनी योजलेला चाळीस फुटी कॅमेरा होता.

या कॅमेऱ्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य तीत आहे. पाच इंच व्यासाचे भिंग आणि त्याचे नाभीय अंतर चाळीस फूट, म्हणजे सुमारे बारा मीटर. त्यामुळे प्लेटवर सूर्यबिंब साडेचार इंचांच्या जवळपास उमटे. एवढी लांब नळी सूर्याच्या मागे फिरविणे अशक्य होते. म्हणून शेबर्ले यांनी भिंग उंच आधारावर कायम रोवले आणि खाली प्लेट धरणारी छोटी गाडी घड्याळाच्या यंत्राने रुळांवर सरकती ठेवली. मधली नळी कापडी होती, आणि भिंगाचा आधार व नळीचा आधार हे एकमेकांना स्पर्श करीत नसत. वाऱ्याने नळी थरथरली तरी भिंग हलत नसे. नाशवंत भाग आणि टिकाऊ भाग यांची अशी फारकत मुळातच केलेली असल्यामुळे प्रवासात भिंग, गाडी व घड्याळ एवढेच काय ते जपावे लागे. आधार, खड्डा आणि नळी यांची उभारणी प्रत्येक मुक्कामी नव्याने होई.

हा कॅमेरा १८९३ मध्ये चिलीत प्रथम वापरला गेला आणि १९३२ च्या अमेरिकेतील ग्रहणापर्यंत ही पद्धत लिक वेधशाळेने चालविली. चाळीस वर्षांचे हे आयुष्य मोठे भासते. परंतु या काळातील लिकच्या सर्व मोहिमांच्या खग्रास अवस्थांची बेरीज केली, तर ती एक तासही भरत नाही. जेऊरला मिळालेला अवधी दोन मिनिटांचा होता. उरलेले सारे आयुष्य पेट्यांत, जहाजांत, रेल्वेच्या डब्यांत आणि गोदामात गेले. जपानमध्ये १८९६ साली आभाळ भरून आले. १९१४ साली रशियात तेच घडले, आणि शिवाय महायुद्ध पेटल्यामुळे त्या मोहिमेची उपकरणे तेथेच अडकून पडली. १९१८ च्या जूनमधील ग्रहणाला ती परत पोहोचली नाहीत आणि लिकच्या निरीक्षकांना इतरांकडून भिंगे मागून आणावी लागली. अशा उपकरणाला वापराची झीज जवळजवळ नाहीच. त्याला धोका असतो तो हमालीचा, दमट गोदामाचा आणि राजकारणाचा.

बेगमपेठच्या कॅमेऱ्याची कथा याच्या नेमकी उलट आहे.

निजामिया वेधशाळा ही मुळात नवाब जफर जंग या हैदराबादच्या सरदाराची हौस. त्यांनी १९०१ मध्ये पंधरा इंची दुर्बीण आणून ती स्थापन केली. १९०७ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर संस्थानच्या सरकारने १९०८ मध्ये ती आपल्याकडे घेतली आणि आर्थर चॅटवुड हे पहिले संचालक नेमले गेले. तारकांच्या छायाचित्रणासाठी यॉर्कच्या कुक कंपनीचा आठ इंची कॅमेरा बसविण्यात आला. ही खरेदी कोणाच्या लहरीखातर झालेली नव्हती. १८८७ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत संपूर्ण आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा व तारकासूची करण्याचे ठरले होते, आणि अठरा वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. त्यांपैकी दक्षिण क्रांती १७ ते २३ अंश हा पट्टा चिलीतील सांतियागो वेधशाळेकडे होता. तेथून ते काम होईना. तेव्हा ते हैदराबादकडे आले. १९१४ मध्ये संचालक झालेले रॉबर्ट पोकॉक यांनी कामाला गती दिली. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढची धुरा टी. पी. भास्करन यांनी १९४४ पर्यंत वाहिली. १९१९ पासून वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे होती.

दक्षिणेकडील पट्ट्याच्या सुमारे १२६० प्लेटा १९१४ ते १९२९ या काळात घेतल्या गेल्या. तोवर जर्मनीतील पॉट्सडाम वेधशाळेचा पट्टाही अपुरा राहिला होता. त्यातील उत्तर क्रांती ३६ ते ३९ अंश हा भाग हैदराबादने स्वीकारला आणि १९२८ ते १९३८ या दहा वर्षांत आणखी सुमारे ५९२ प्लेटा घेतल्या. दोन देशांनी सोडलेले काम एका संस्थानी वेधशाळेने पुरे केले, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासग्रंथांत क्वचितच नोंदलेली आढळते.

आता झिजेकडे वळू. चोवीस वर्षे एका जागी उभा राहून अठराशेहून अधिक प्लेटा घेणाऱ्या कॅमेऱ्यात काय काय झिजते? सामान्य समजूत अशी की भिंग. परंतु आच्छादनाखाली ठेवलेली जाड काच वापराने झिजत नाही. वारंवार पुसण्याने मात्र तिच्यावर ओरखडे पडतात, म्हणून जाणते निरीक्षक भिंगावर धूळ राहू देणे पसंत करतात. झिजते ते चालक घड्याळ. पृथ्वीच्या भ्रमणाबरोबर कॅमेरा फिरता ठेवणारे दातेरी चक्र आणि त्यात गुंतलेला आटे असलेला दंड यांचे पितळ व पोलाद रोज त्याच त्या ठिकाणी घासले जाते. दाते विषम झाले की तारा प्लेटवर बिंदुरूप न उमटता लांबट उमटतो. यावर उपाय म्हणून निरीक्षक दर्शक दुर्बिणीला डोळा लावून बसतो आणि हाताने सूक्ष्म दुरुस्ती करीत राहतो. यंत्राची झीज अशा रीतीने माणसाच्या अंगमेहनतीत रूपांतरित होते, आणि म्हणूनच ती कागदोपत्री दिसत नाही.

याहूनही नाजूक असतो तो जाळीचा रौप्यलेप. या योजनेतील प्रत्येक प्लेटवर पाच मिलिमीटर अंतराच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी छापली जाई. त्यासाठी चांदीचा पातळ थर दिलेल्या काचेवर रेषा कोरलेल्या असत. ती काच प्लेटीजवळ धरून तिच्यातून प्रकाश पाडला की रेषा प्लेटवर उमटत. धुतल्या-वाळविल्याने जिलेटिन आक्रसले तर ते या जाळीवरून कळे, आणि ताऱ्यांचे मापनही सोपे होई. पण चांदी काळवंडते, तिच्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, आणि प्रत्येक छिद्र प्लेटवर ताऱ्यासारखा ठिपका उमटविते. एकाच प्लेटीवर किंचित सरकवून प्रत्येक ताऱ्याची दोन-तीन चित्रे घेण्याची प्रथा होती, तिचा एक लाभ हाच की खरा तारा जोडीने दिसे आणि खोटा एकटा. सबंध यंत्रात सर्वांत लवकर संपणारा भाग म्हणजे हा थर, आणि त्यावाचून उरलेले सारे यंत्र या कामापुरते आंधळे.

परंतु दख्खनच्या हवेत खरी हानी होते ती कॅमेरा बंद असताना. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे निरीक्षणे थांबतात, घुमट मिटलेला राहतो आणि आतली हवा ओलसर होते. लोखंडावर गंज चढतो. भिंगांच्या फटींत बुरशी शिरते, आणि तिच्या आम्लाने काचेच्या पृष्ठभागावर कायमचे डाग पडतात. प्लेटांचे हाल तर अधिकच. जिलेटिनचा थर दमट हवेत धुरकट होतो, आणि उन्हाळ्यात धुण्याचे पाणी कोमट असले तर मऊ पडून काचेपासून सुटतो. समशीतोष्ण देशांतील यंत्राला वापराने म्हातारपण येते. आपल्याकडील यंत्राला चौमासा म्हातारे करतो. हा भेद आजच्या कॅमेऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

एवढे असूनही बेगमपेठचे काम १९३८ मध्ये थांबले ते आपल्या वाट्याचे दोन्ही पट्टे पुरे झाले म्हणून. सूचीचे बारा खंड १९४६ पर्यंत छापून झाले. त्यानंतर या कॅमेऱ्याला त्याच्या तोलाचे दुसरे काम नव्हते. एक मिलिमीटरला एक कला या प्रमाणात दोन-दोन अंशांचे चौकोन टिपणे, याच एका कामासाठी त्याची सारी मापे बेतलेली होती. यंत्र जितके एकाच कामाला वाहिलेले, तितका त्याचा शेवट त्या कामाच्या शेवटाशी बांधलेला. पुढे विद्यापीठाने शहरापासून दूर रंगापूर येथे अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण उभारली. ती १९६८ मध्ये सुरू झाली. दरम्यान बेगमपेठच्या भोवती शहर वाढले. त्याच आवारात पुढे आर्थिक व सामाजिक अभ्यासाची एक संस्था आली, आणि तिच्या पत्त्यात निजामिया वेधशाळेचे नाव आजही आहे.

येथे एका शब्दाची नोंद अस्थानी होणार नाही. उर्दूत वेधशाळेला ‘रसदगाह’ म्हणतात. त्यातील ‘रसद’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ निरीक्षण, वेध. मराठीतील ‘रसद’ म्हणजे सैन्याचा दाणागोटा. हा फारसी शब्द वेगळा. उर्दू लिपीत दोघांचे ‘स’ निराळे आहेत, नागरीत मात्र ते एकरूप झाले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा केवळ योगायोग. तथापि आकाशचित्रकांच्या बाबतीत वेधाची रसद आणि दाणागोट्याची रसद यांचे भवितव्य खरोखरच एक आहे, हे कोडाईकनालच्या उदाहरणावरून दिसते. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये नायगमवालांच्या निवृत्तीबरोबर बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. त्या वेधशाळेत एकाच वर्णरेषेच्या प्रकाशात सूर्याची चित्रे घेणारे यंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून २००७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, चालू राहिले. ते मध्येच झिजून पडले नाही, कारण झिजणारे भाग बदलता येत होते. बदलता आली नाही ती रसद. जगभर अंकीय छायाचित्रणाचा प्रसार झाला, प्लेटा व फिल्म बनविणारे कारखाने बंद होत गेले, आणि धडधाकट यंत्रांच्याही तोंडचा घास गेला.

अंकीय कॅमेऱ्याने हा घास नको असणारे यंत्र दिले, अशी समजूत आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉईल व स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून तो साठविणारी चकती कल्पिली. २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिच्या नाभीशी प्लेटेऐवजी अशी चकती बसविलेली आहे. हौशी निरीक्षकही आज थंड केलेल्या चकतीचे छोटे कॅमेरे घेऊन शहराबाहेरच्या माळांवर जातात, आणि बेंबळीसारख्या गावाच्या शिवारात हिवाळ्यात त्यांना हवा तसा काळोख व कोरडी हवा मिळू शकते. या कॅमेऱ्यात फिरणारे भाग अगदी थोडे. तरीही तो अजर नाही. चकती गोठणबिंदूच्या खाली थंड ठेवावी लागते, म्हणून ती बंद कुपीत असते; कुपीची रबरी कडी काळाने कडक होते, पावसाळ्यातील बाष्प आत झिरपते, ओल शोषणाऱ्या गोळ्या भरून जातात आणि एके रात्री चकतीवर हिमाची नक्षी उमटते. गोळ्या तापवून पुन्हा कोरड्या करता येतात. हे साधे काम वेळेवर केले की कॅमेऱ्याची काही वर्षे वाढतात. अवकाशातील किरणांच्या आघाताने चकतीतील काही ठिपके कायमचे ‘तापट’ बनतात व अंधारातही उजळ दिसतात. त्यांची संख्या वर्षांगणिक वाढते. परंतु ती मोजून वजा करता येते, म्हणून पृथ्वीवर तेवढ्याने कॅमेरा सहसा निकामी होत नाही.

निकामी होतो तो भोवतालच्या विद्युत्सामग्रीने. हबल दुर्बिणीवरील एक मुख्य कॅमेरा जानेवारी २००७ मध्ये बंद पडला, तो चकती बिघडल्याने नव्हे, तर विद्युत्पुरवठ्यातील दोषाने. २००९ मध्ये अंतराळवीरांनी तो दुरुस्त केला. २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील जंबुपार दुर्बिणीच्या तीन शाखांपैकी एक २०१८ मध्ये बंद झाली. तेथे दुरुस्तीला कोण जाणार? जमिनीवर याहून क्षुल्लक कारणे पुरतात. संगणकाची कार्यप्रणाली बदलते आणि जुन्या कॅमेऱ्याशी बोलणारी आज्ञावली तिच्यावर चालत नाही. सोनी कंपनीने जुन्या पद्धतीच्या चकत्यांचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय २०१५ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्या वापरणारे जगातील कित्येक उत्तम कॅमेरे एका पत्रकाने वृद्ध झाले. त्यांच्या अंगी काहीही घडले नव्हते. ही पुन्हा रसदच होय. केवळ तिचे रूप पालटले आहे.

ही सरमिसळ वाढविण्यात कार्यालयीन नोंदींचा वाटा मोठा आहे. आपल्याकडील महाविद्यालये व प्रयोगशाळा यांच्या रिवाजाप्रमाणे कॅमेरा हा डेड-स्टॉक रजिस्टरात चढतो. त्याला क्रमांक मिळतो, दरवर्षी त्याची मोजदाद होते आणि अखेरीस त्याचे ‘निर्लेखन’ होते. प्लेट मात्र उपभोग्य वस्तू. ती शाई, कागद आणि स्पिरिट यांच्या रांगेत बसते. वापरली की खर्ची पडते आणि रजिस्टरातून नाहीशी होते. म्हणजे जी वस्तू वापरली गेल्यानेच मौल्यवान झाली, ती नोंदीच्या दृष्टीने त्याच क्षणी संपली. काचेवरचा जिलेटिनचा थर कोरड्या जागी शंभर वर्षे टिकतो. ज्या कॅमेऱ्याने तो उजेडात आणला त्याचे घड्याळ तोवर दोनदा बदलावे लागते. लोखंडाला क्रमांक आणि काचेला बेवारसपण, असा हा उफराटा न्याय आहे. जुन्या यंत्राला विभागाच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवणारे पुष्कळ असतात. प्लेटांच्या पेट्या व निरीक्षणाच्या वह्या यांना जागा मागितली की ती मिळणे कठीण जाते.

आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघाने या आकाशनकाशाची समिती १९७० मध्ये विसर्जित केली. नकाशा अपुराच राहिला होता, तारकासूची मात्र पूर्ण झाली होती. आणि तेव्हाच्या अनेकांना तो परिश्रमांचा अपव्यय वाटला. परंतु युरोपच्या हिपार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांची अचूक स्थाने मोजली, तेव्हा जुन्या स्थानांची गरज निर्माण झाली. ताऱ्याची निजगती काढायची तर दूरच्या दोन काळांतील स्थाने लागतात. वर्षाला विकलेच्या दहाव्या भागाने सरकणारा तारा ऐंशी वर्षांत आठ विकला सरकतो. बेगमपेठच्या प्लेटीवर हे अंतर मिलिमीटरच्या आठव्या भागाहून थोडे अधिक भरते. वॉशिंग्टन येथील नौदल वेधशाळेने सर्व पट्ट्यांचे छापील आकडे एकत्र करून शेचाळीस लाख ताऱ्यांची नवी सूची विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केली, आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायको-२ सूचीत पंचवीस लाख ताऱ्यांच्या निजगती प्रामुख्याने तिच्या आधारे काढल्या गेल्या. हैदराबादचे दोन्ही पट्टे तीत आहेत.

या संपादनात एक गोष्ट करावी लागली, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. प्रत्येक वेधशाळेच्या कॅमेऱ्याचा स्वभावदोष निराळा होता. कोणाच्या भिंगामुळे कडेचे तारे एका बाजूला ओढले गेले होते, कोणाच्या प्लेटेवर तेजस्वी ताऱ्यांची स्थाने मंद ताऱ्यांहून किंचित हटलेली होती, कोणाच्या जाळीच्या रेषा समांतर नव्हत्या. हे दोष कोणी वहीत लिहून ठेवलेले नव्हते. आधुनिक स्थानांशी जुन्या आकड्यांची तुलना करून ते वेधशाळेगणिक शोधावे लागले. अनुराधेच्या पट्ट्यातील आणि अभिजिताच्या पट्ट्यातील हजारो ताऱ्यांच्या छापील आकड्यांत बेगमपेठच्या भिंगाची ठेवण आणि त्याच्या जाळीचा तिरकसपणा उमटून राहिला होता. आणि तो कॅमेरा काम करायचा थांबल्यावर साठ वर्षांनी संशोधकांना तो त्या आकड्यांतून वेगळा काढता आला.